जमिनीखालचा श्रोता

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

माझा भाचा दहावीत होता तेव्हा संगणकावर एक खेळ खेळायचा. काळोखा बोगदा, हातात बॅटरी, तोंडावर गॅसचा मुखवटा आणि पाठीमागून येणारे चित्रविचित्र आवाज. एकदा सुट्टीत आला असताना त्यानं मला विचारलं, ''मावशी, तू रशियन शिकवतेस ना? मग या खेळाचं जे मूळ पुस्तक आहे, त्याचा शेवट काय होतो ते सांग.'' पुश्किन किंवा चेखव यांच्याबद्दल विचारलं असतं तर मी तासभर बोलले असते. या पुस्तकाचं मात्र नावसुद्धा ऐकलं नव्हतं. शिक्षकाला ''मला माहीत नाही'' म्हणणं जरा जडच जातं. तेव्हा मी तिन्ही कादंबऱ्या मिळवल्या आणि वाचायला बसले. पहिल्या दोन संपवून तिसरी हातात घेतली, तोवर २०२० चा एप्रिल उजाडला होता. तुम्ही-आम्ही सगळे घरात बंद होतो. अशा वेळी ती कादंबरी जशी वाचली गेली, तशी एरवी वाचली गेली नसती. आज तिच्याविषयीच बोलणार आहे. ओघात शेवटही सांगावा लागेल. ज्यांना पुस्तक वाचायचं असेल त्यांनी मला आधीच क्षमा करावी.

लेखकाचं नाव दिमित्री ग्लुखोव्स्की. जन्म १९७९ चा, मॉस्कोतला. पेशानं पत्रकार. 'मायाक' या रशियन नभोवाणीवर कार्यक्रमही सादर करत असे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. 'मेट्रो २०३३' ही त्याची पहिली कादंबरी. ती २००२ साली त्यानं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली. पुस्तकरूपानं ती २००५ मध्ये आली. 'मेट्रो २०३४' आली २००९ साली आणि 'मेट्रो २०३५' हा शेवटचा भाग २०१५ साली. या कादंबऱ्यांवर बेतलेले खेळ मात्र युक्रेनमधल्या एका कंपनीनं तयार केले. २०१९ मध्ये आलेला खेळ तर या तिसऱ्या कादंबरीचा शेवट होतो, तिथूनच पुढे सुरू होतो.

कल्पना अशी आहे. २०१३ साली अणुयुद्ध झालं. धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा जे हजारो लोक मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत होते किंवा तिथे पोहोचू शकले, तेवढेच वाचले. वरचं जग संपलं. आता वीस वर्षं झाली, माणसं स्थानकांवरच राहतात. एकेक स्थानक म्हणजे एकेक छोटं राज्य. वर्तुळाकार मार्गावर व्यापाऱ्यांचं राज्य आहे, त्याचं नाव 'हान्सा'. लाल मार्गावर कम्युनिस्टांची सत्ता. तीन स्थानकं नव्या नाझींनी बळकावलेली. लेनिन ग्रंथालयाच्या आसपासच्या चार स्थानकांवर विद्येची चाड असलेल्या लोकांची वस्ती. नाणं म्हणाल तर बंदुकीची काडतुसं. म्हणजे माणूस गोळी झाडतो तेव्हा अक्षरशः पैसे उडवत असतो! खायला अळंबी आणि डुकराचं मांस, प्यायला अळंबीचाच चहा.

नायक आर्त्योम उत्तरेकडच्या 'वेदेएनखा' स्थानकावर वाढलेला. हे नाव म्हणजे चार रशियन शब्दांची आद्याक्षरं आहेत. अर्थ काय, तर 'राष्ट्रीय अर्थव्यवस्थेच्या यशांचं प्रदर्शन'. सोव्हिएत काळात तिथे खरोखरच तसं भव्य प्रदर्शन होतं, आजही ते आवार आहे. त्याच नावाच्या स्थानकात, जमिनीखाली त्रेपन्न मीटरवर, माणसं अळंबी उगवून दिवस काढताहेत. रशियन वाचकाला ही बोचरी थट्टा न सांगता कळते.

मॉस्कोची भुयारी रेल्वेच लेखकाला का सुचली? कारण हे निव्वळ कल्पनेचं काम नाही. ही रेल्वे १५ मे १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा स्थानकं होती १३ आणि मार्ग साधारण ११ किलोमीटरचा. सहाच वर्षांत जर्मन विमानं मॉस्कोवर बाँब टाकू लागली आणि रात्र झाली की लोक अंथरुणं-पांघरुणं घेऊन स्थानकांत उतरू लागले. रुळांवर फळ्या टाकून झोपायची सोय केली जाई. त्या काळात दोनशेहून अधिक बाळं या भुयारांत जन्माला आली. ६ नोव्हेंबर १९४१ रोजी क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा मायाकोव्स्काया स्थानकाच्या फलाटावर भरली. स्टालिन तिथे बोलला आणि ते भाषण नभोवाणीवरून देशभर ऐकवलं गेलं. पुढे शीतयुद्धात खोल स्थानकं बांधताना अणुहल्ल्याचाही विचार झाला. दारं बंद केली की बाहेरची हवा आत येऊ नये अशा जाडजूड पोलादी झडपा बसवल्या गेल्या. मॉस्कोचा माणूस रोज कामाला जाताना त्या झडपांच्या शेजारून जातो.

अर्थात, वीस वर्षं तिथे राहता येईल का, हा प्रश्न वेगळा. माझे एक सहकारी विज्ञान शिकवतात. त्यांना मी विचारलं तर ते हसले. म्हणाले, ''अहो, अळंबी अंधारात वाढते हे खरं, पण ती हवेवर वाढत नाही. तिला पेंढा लागतो, भुसा लागतो. कुणीतरी कुठेतरी उन्हात काही पिकवलेलं असलं, तरच अळंबी.'' शिवाय भुयारांत पाणी सारखं झिरपत असतं. ते उपसणारे पंप बंद पडले तर भुयारं भरत जातात. तेव्हा पहिल्या भागातलं जग शास्त्राच्या कसोटीला फारसं उतरत नाही.

पण त्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मला तिसऱ्या भागाच्या दृष्टीनं महत्त्वाची वाटली. अणुस्फोटानंतर जी किरणोत्सारी धूळ खाली बसते, तिचा एक ढोबळ हिशेब आहे. वेळ सातपट झाला की किरणोत्साराची तीव्रता दहाव्या हिश्श्यावर येते. स्फोटानंतर एका तासानं जी तीव्रता असेल, ती सात तासांनी एक-दशांश, दोन दिवसांनी एक-शतांश आणि दोन आठवड्यांनी एक-सहस्रांश. त्यानंतर सिझियम, स्ट्राँशियम यांसारखी काही द्रव्यं रेंगाळतात. ती निम्मी व्हायलाच सुमारे तीस वर्षं लागतात, त्यामुळे काही ठिकाणं दीर्घकाळ धोक्याची राहतात. पण वीस वर्षांनंतर अख्खी पृथ्वी वसतीला नालायक राहील, असं मात्र नाही. म्हणजे बोगद्यातल्या माणसानं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच विचारायला हवं होतं, की बाकीचं जग कुठे गेलं?

तिसरी कादंबरी नेमका हाच प्रश्न विचारते. पहिल्या भागात राक्षसी प्राणी आहेत, गूढ आवाज आहेत, 'काळे' म्हणून ओळखले जाणारे भीतिदायक जीव आहेत. भागाच्या शेवटी आर्त्योम त्यांच्यावर क्षेपणास्त्रं डागायला मदत करतो आणि त्याच क्षणी त्याला कळतं, की ते मैत्रीचा हात पुढे करत होते. तिसऱ्या भागात तो विवाहित आहे. बायकोचं नाव आन्या. पण संसारात त्याचं लक्ष नाही. तो रोज मुखवटा चढवून वर जातो, एका उंच ओसाड इमारतीचे जिने चढतो, तार लावतो आणि रेडिओ ऐकत बसतो. कुठे कुणी आहे का? रोज नुसती खरखर. एकदाच कधीतरी त्याला वाटलं होतं, की माणसाचा आवाज ऐकला. कुणी विश्वास ठेवत नाही. बायको वैतागली आहे, स्थानकातले लोक वेडा म्हणतात आणि रोजच्या किरणोत्सारानं त्याची तब्येत खालावत चालली आहे.

मग होमर नावाचा एक म्हातारा येतो. त्याला या जगाचा इतिहास लिहायचा आहे. त्याच्याकडून कळतं, की दुसऱ्या एका स्थानकावरच्या रेडिओवाल्यानंही बाहेरचा आवाज ऐकला होता. दोघं त्याच्या शोधात निघतात. पुढची बरीचशी पानं म्हणजे हा शोध. राक्षसी प्राणी या भागात जवळजवळ नाहीतच. भीती वाटते ती माणसांची.

आणि मग सत्य बाहेर येतं. जग मेलेलं नाही. कितीतरी शहरं जिवंत आहेत, रेडिओवर बोलताहेत. मॉस्कोला ते ऐकू येत नाही, कारण शहराबाहेर उभारलेली यंत्रणा वीस वर्षं सगळ्या लहरींवर खरखर सोडते आहे. जुन्या राज्यकर्त्यांचे वारसदार एका सुखसोयींनी भरलेल्या तळघरात बसून हे करताहेत. त्यांचं म्हणणं काय, तर युद्ध अजून संपलेलं नाही. आपण जिवंत आहोत हे शत्रूला कळलं तर तो उरलेल्यांनाही मारेल. तेव्हा आपण हे लोकांच्या भल्यासाठीच करतो आहोत. एवढंच नव्हे, तर लाल, नाझी, व्यापारी ही एकमेकांशी लढणारी सगळी राज्यं याच लोकांच्या हातातली बाहुली आहेत.

इथे मला थोडं थांबून रशियन भाषेतला एक शब्द सांगायचा आहे : 'ग्लुशील्का'. 'ग्लुखोय' म्हणजे बहिरा. त्याच धातूपासून झालेला हा शब्द म्हणजे आवाज दाबून टाकणारं यंत्र. लेखकाच्या आडनावातही तोच धातू आहे, हा निव्वळ योगायोग! ही यंत्रं खरीच होती. १९४८ च्या सुमारापासून सोव्हिएत सरकार परदेशी नभोवाणी ऐकू येऊ नये म्हणून त्याच लहरीवर गोंगाट प्रक्षेपित करायचं. तंत्र साधं आहे. दोन माणसं बोलत असताना तिसऱ्यानं मध्ये बसून पत्रा बडवावा, तसं. पण यातही एक मेख होती. लघुलहरी आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर उतरतात. शहरातलं दाबयंत्र मात्र जमिनीलगत काही किलोमीटरच पोहोचतं. म्हणून मॉस्को-लेनिनग्राडमध्ये खरखर ऐकू यायची आणि गावाकडच्या लाकडी घरात जाऊन बसलं की तोच आवाज स्पष्ट लागायचा. अनेक लोक त्यासाठी सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर जात. शेकडो यंत्रं आणि अफाट वीज खर्चूनही सरकारला देश पूर्ण बहिरा करता आला नाही. अखेर १९८८ च्या शेवटी हा उद्योग बंद झाला. तेव्हा ग्लुखोव्स्की नऊ वर्षांचा होता. म्हणूनच एका ठिकाणच्या यंत्रणेनं सगळ्या लहरी वीस वर्षं दाबून ठेवल्या, हे मला कादंबरीतलं सोयीचं गणित वाटतं. पण त्यामागची मनोवृत्ती मात्र इतिहासातून जशीच्या तशी उचललेली आहे.

आता शेवट. ती यंत्रणा कोसळते, रेडिओवर जगभरचे आवाज उसळतात. आर्त्योम खाली येतो. आपल्या लोकांना सांगतो, की चला, वर जग आहे, आपल्याला फसवलं गेलं. आणि लोक हलत नाहीत. कुणाला घर सोडवत नाही, कुणाचा विश्वास बसत नाही, कुणाला ऐकायचंच नाही. शेवटी तो आन्याला घेऊन मॉस्को सोडून निघून जातो. बाकीचे राहतात तिथेच, जमिनीखाली. दाराला कुलूप नसताना.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. कारण शेजारच्या खोलीत माझे वडील होते.

आप्पांचं तेव्हा ऐंशी वय. त्यांना लहरी धुंडाळण्याचा जुना नाद. मी लहान होते तेव्हा आमच्या मर्फी रेडिओवर रात्री उशिरापर्यंत ते देशोदेशीची केंद्रं शोधायचे आणि वहीत तारीख, वेळ, लहर, सगळं लिहून ठेवायचे. त्या केंद्राला पत्र पाठवलं की तिकडून छापील पोचपावतीचं कार्ड यायचं. मॉस्को रेडिओचं असंच एक कार्ड आलं होतं, त्यावर मायाकोव्स्काया स्थानकाच्या कमानी होत्या. मी रशियन शिकले ती त्या कार्डामुळे, असं म्हटलं तरी चालेल. आप्पांचे एक मित्र दुसऱ्या पेठेत राहायचे. त्यांनाही हाच नाद. दर रविवारी दोघांचा फोन : तुला काय लागलं, मला काय लागलं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये ते काका करोनानं गेले. आणि मी आप्पांना सांगितलं नाही. त्यांचं हृदय नाजूक, त्यात दिवस असे. मी त्यांच्या मुलालाही सांगून ठेवलं, की फोन करू नका. आप्पांनी विचारलं की म्हणायचे, ''त्यांचा फोन बंद आहे, गावाला गेलेत.'' वर्तमानपत्र आधी त्यांच्या हाती देत नसे. श्रद्धांजलीचं पान काढून मग द्यायचे. बाहेरची परिस्थिती होती त्यापेक्षा थोडी जास्तच वाईट करून सांगायचे, म्हणजे ते फिरायला जायचा हट्ट करणार नाहीत. हळूहळू त्यांनी तो हट्ट सोडूनच दिला. पुढे बागा उघडल्या, लसही झाली, तरी ते फाटकापर्यंत जायला तयार होईनात. ''मला इथे काय कमी आहे?'' म्हणायचे.

तळघरात बसलेल्या त्या राज्यकर्त्यांचा युक्तिवाद वाचताना मला फार राग आला होता. पण प्रामाणिकपणे सांगते, त्या युक्तिवादात आणि माझ्या बोलण्यात एका शब्दाचा फरक नव्हता. तुमच्या भल्यासाठीच. आमच्या घरातली ग्लुशील्का मीच होते.

२०२१ च्या मार्चमध्ये मी त्यांना खरं सांगितलं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''सात महिने मी त्याच्यावर रागावून बसलो होतो. म्हटलं, साधा एक फोन करत नाही.'' एवढंच. मला वाटलं होतं, ते रडतील, नाहीतर माझ्यावर चिडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र इस्त्रीचा सदरा मागितला. ''वहिनींना भेटून येऊ,'' म्हणाले. वर्षभरात फाटकाबाहेर पाऊल न टाकलेला माणूस मुखपट्टी लावून रिक्षात बसला.

तेव्हापासून मला वाटतं, की ग्लुखोव्स्की आपल्या माणसांच्या बाबतीत जरा कठोर झाला. त्याचे लोक बाहेर आले नाहीत, कारण आर्त्योमनं त्यांना बातमी दिली. बातमीनं माणूस चकित होतो, उठत नाही. वीस वर्षं ज्याला सांगितलं, की वर तुझं कुणी उरलं नाही, त्याला जगाचा नकाशा दाखवून काय उपयोग? त्याला कुणाच्या तरी दारात जायचं असावं लागतं. आर्त्योमलाही ते उमगलेलं असावं. निघताना तो एकटा जात नाही, आन्याला बरोबर घेतो.

पण लेखकाच्या कठोरपणामागे कारण आहे, तेही सांगायला हवं. पुस्तक आलं २०१५ मध्ये, रशियानं क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतर वर्षभरानं. चहूबाजूंनी शत्रू आहेत, असं सतत ऐकणारा समाज त्याच्यासमोर होता आणि त्या समाजाला ते ऐकणं सोयीचं वाटतं आहे, ही त्याची खंत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला चढवला. ग्लुखोव्स्कीनं उघड विरोध केला. ऑगस्ट २०२३ मध्ये मॉस्कोतल्या न्यायालयानं, सैन्याबद्दल खोटी माहिती पसरवल्याच्या आरोपाखाली, त्याला आठ वर्षांची शिक्षा सुनावली. तो देशाबाहेर होता, म्हणून शिक्षा गैरहजेरीत झाली. आणि किव्ह, खारकिव्ह या युक्रेनच्या शहरांत माणसं खरोखरच भुयारी रेल्वेत राहायला गेली. खारकिव्हमध्ये तर सुमारे तीन महिने गाड्या बंद ठेवून स्थानकं निवाऱ्यासाठी वापरली गेली आणि २०२३ मध्ये स्थानकांतच मुलांचे शाळेचे वर्ग भरू लागले. मॉस्कोच्या लेखकानं आपल्या शहराबद्दल रचलेली कथा शेजारच्या देशातल्या मुलांच्या वाट्याला आली. खेळ तयार करणारी माणसंही त्याच देशातली, हे आठवलं की मन अस्वस्थ होतं.

भाच्याला मी शेवट सांगितला. तो म्हणाला, ''म्हणजे राक्षस नाहीतच? मग कसला शेवट!'' मी म्हटलं, तू मोठा झालास की पुन्हा एकदा वाच.

आप्पांचं सांगून थांबते. हल्ली घरोघरी ते नवे दिवे आणि चार्जर आहेत, त्यांच्यामुळे आमच्या खोलीत मीडियम वेव्हवर नुसती खरखर येते. कुणी मुद्दाम केलेली नाही, पण खरखर ती खरखर. म्हणून आप्पा संध्याकाळी ट्रान्झिस्टर घेऊन खाली आवारातल्या बाकावर जाऊन बसतात. तिथे स्वच्छ लागतं. शेजारची दोन-चार माणसंही येऊन बसतात. आज मी बोलणार आहे हे त्यांना माहीत आहे. त्यांच्या मित्राची गोष्ट मी सांगणार आहे, हेही मी आधी विचारलं होतं. ते म्हणाले, ''सांग. पण नीट, खरखर न करता सांग.''

तसा प्रयत्न केला आहे.